हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळी लागतो

वाचक भगिनीचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

‘सर, नमस्कार. माझं वय ४२. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. आई विड्या वळायची. बारावी झाली आणि लग्न झालं. सतरा वर्षं मी युनिफॉर्मच्या कारखान्यात होते, शेवटची सहा वर्षं सुपरवायझर. मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं, मग सकाळचं कॉलेज करून एलएल. बी. तीन वर्षांचा कोर्स, मला पाच लागली. वकिलीची सनद मिळून चौदा महिने झाले. बार कौन्सिलची परीक्षा एकदा दिली, ३९ मार्क पडले, नापास. सिनियरांकडे जाते. महिन्याला तीन हजार मिळतात, त्यातले नऊशे रिक्षात जातात. काम म्हणजे फायली लावणं, तारखा घेणं, नकलेचे अर्ज देणं. जजसाहेबांसमोर “पुढची तारीख द्यावी” यापलीकडे अजून तोंड उघडलेलं नाही. बरोबरची मुलं चोवीस-पंचवीसची, फाडफाड इंग्रजी बोलतात. मिस्टर यंत्रमागावर टॉवेल विणतात. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. जुन्या शेठनी निरोप पाठवलाय, १६ हजारांवर परत या. सासूबाई म्हणतात, “इतकी वर्षं शिकलीस, आता तरी घराला काही दे.” त्यांचंही खोटं नाही. मध्ये गल्लीतल्या एका आजींची पेन्शन नावातल्या चुकीमुळे अडली होती, ती तीन खेपा घालून सोडवली. तेवढंच काय ते या वर्षात झालं. रोज सकाळी कोट हातात घेते आणि वाटतं, कशाला? सर, जिद्द टिकवायची कशी? की सोडून द्यावं?’

ताई,

पेन्शनच्या त्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण अख्ख्या पत्रात तीच ओळ तुम्ही सर्वांत घाईनं लिहिली आहे. ‘तेवढंच काय ते झालं.’

विडी कामगार बाईची पेन्शन नावामुळे अडते म्हणजे काय होतं, हे सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कारखान्याच्या रजिस्टरला माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकात तेलुगू आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. जन्मतारीख कुणीतरी अंदाजानं टाकलेली. मग दुरुस्तीचा अर्ज, त्यावर कामगाराची सही आणि मालकाची सही, सोबत पुरावे, आणि अर्ज परत आला की पुन्हा पहिल्यापासून. किमान पेन्शन हजार रुपये, २०१४ च्या सप्टेंबरपासून. हजार रुपयांसाठी किती खेपा घालायच्या, असं म्हणून कितीतरी आजी नाद सोडून देतात. तुम्ही तिसऱ्या खेपेत ते काम पुरं केलंत.

आणि ही पेन्शन आली कुठून, हेही आठवून बघा. तुम्ही कॉलेजात वाचलंही असेल. घरी बसून विड्या वळणारी बाई ‘कर्मचारी’ धरायची की नाही, यावर मालक लोक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ती कारखान्यात येत नाही, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेनं वळते, मग तिला भविष्य निर्वाह निधी कशाला, असा त्यांचा वाद होता. १९८५ साली न्यायालयानं सांगितलं, ती कर्मचारीच आहे. माल मालक देतो, विड्या मालक घेतो, आणि पसंत नसलेल्या विड्या बाजूला काढायचा हक्कही मालकाचा आहे. तेवढी देखरेख पुरे. ज्या नापास विड्यांपायी तुमच्या आईचं मन रोज खट्टू झालं असेल, त्याच नापास करण्याच्या हक्कातून तिच्यासारख्या बायकांचा फंड पक्का झाला. कुणीतरी वकिलानं तो मुद्दा उभं राहून मांडला म्हणून झाला. तुमच्या गल्लीतल्या आजींच्या खात्यात दरमहा पडणारी रक्कम त्या मुद्द्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि ते टोक तुम्ही धरून आणलंत. याला ‘तेवढंच’ म्हणू नका. निदान माझ्यासमोर तरी नका.

आता तुमचा प्रश्न. जिद्द टिकवायची कशी?

पाच वर्षं सकाळी कॉलेज आणि दुपारी कारखाना केलेल्या बाईला जिद्दीबद्दल मी काय शिकवणार? तुमच्या पत्रात मला उणीव दिसली ती हिशेबाची. आई विड्या वळायची तेव्हा संध्याकाळी त्या मोजल्या जायच्या. हजार भरल्या की हजाराची मजुरी, नापास झालेल्या वजा. दिवस वाईट गेला तरी किती वाईट गेला ते कळायचं. तुमच्या कारखान्यातही तेच. कॉलर किती, काज-बटण किती, ओव्हरलॉकला किती नग अडकले, हे लिहून झाल्याशिवाय तुम्ही घरी जात नव्हता. पीस-रेटच्या घरात वाढलेल्या माणसाला कष्टाची सवय असते. मोजदाद नसलेल्या कष्टाची नसते. वकिलीत तुम्ही आज केलेल्या कामाचं फळ तीन-चार वर्षांनी दिसतं, आणि पहिली काही वर्षं तर ते दुसऱ्याच्या वकीलपत्रावर दिसतं. सकाळी नऊला निघायचं, सात वाजता परत यायचं, आणि ‘आज काय केलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. असे चौदा महिने गेले की कोणाचाही जीव कोमेजेल.

मी हे भोगलेलं आहे म्हणून लिहितोय. मी एका मिलच्या हजेरी खात्यात चौदा वर्षं होतो. मिल बंद पडली तेव्हा ३६ वर्षांचा होतो. सायकलवर चादरी लादून आठवडी बाजार केले आणि त्यातच समाजकार्याचा अभ्यास सुरू केला. वर्गातली मुलं बावीसची. पहिली दोन वर्षं मला रोज वाटायचं की आपण काही शिकत नाही, नुसते दिवस काढतोय. एका रात्री जुनं हजेरीचं कोरं रजिस्टर घेतलं आणि ठरवलं, काल जे येत नव्हतं आणि आज येतं ते एका ओळीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात तीन दिवस कोरे गेले. त्या कोऱ्या दिवसांनी मला खरं काय ते सांगितलं: मी नुसती हजेरी लावत होतो. मग दुसऱ्या आठवड्यात ओळ लिहिता यावी म्हणून दिवसात काहीतरी मुद्दाम करू लागलो. चार महिन्यांनी ते रजिस्टर पहिल्यापासून वाचलं तेव्हा प्रथमच वाटलं की आपण पुढे सरकलोय. नोकरी त्यानंतर तीन वर्षांनी मिळाली. मधली तीन वर्षं त्या रजिस्टरावर निघाली.

तुम्हीही वही करा, पण तुमच्या कामाची. ‘फायली लावते’ असं तुम्ही लिहिलंत. लावायच्या आधी त्यातली एक फाईल रोज पूर्ण वाचा, दाव्यापासून कोर्टाच्या तारीखवार नोंदीपर्यंत, म्हणजे शेवटच्या रोजनाम्यापर्यंत. नवा दावा आला आणि सिनियर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, तयार करणार असतील, तर त्यांच्या आधी तुमची कैफियत घरी कच्ची लिहून काढा. कोणाला दाखवू नका. त्यांची तयार झाली की दोन्ही शेजारी ठेवा. त्यांनी कुठला मुद्दा सोडला, कुठला आधी घेतला, तुमच्याकडून काय सुटलं, ते वहीत एका ओळीत येऊ द्या. तुमचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या तारखा, आटोपल्यावर लगेच ऑफिसात पळू नका; जिथे उलटतपास चाललाय त्या कोर्टात मागच्या बाकावर अर्धा तास बसा. वकिलानं चौथा प्रश्न का विचारला नाही, हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशीची ओळ मोठी असेल. सुपरवायझर म्हणून तुम्ही लाइनवर उभं राहून कुणाचा हात कुठे चुकतोय ते ओळखत होता. इथेही तीच नजर लागते, फक्त कापडाच्या जागी माणसाचं बोलणं असतं.

परीक्षेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तिथे नुसता धीर देऊन भागणार नाही. तात्पुरत्या सनदेवर दोन वर्षांच्या आत ती पास व्हायची असते. तुमचे चौदा महिने गेले, दहा उरले. १०० प्रश्न, चुकीला वजा गुण नाहीत, खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के. तुम्ही ३९ वर आहात. विषय एकोणीस असले तरी त्यांचं वजन सारखं नाही. राज्यघटनेचे १०, फौजदारी प्रक्रियेचे १०, दिवाणी प्रक्रियेचे १०, पुराव्याच्या कायद्याचे ८ आणि दंडविधानाचे ८, म्हणजे पाच विषयांतच ४६. त्यात कौटुंबिक कायद्याचे ८ आणि करार-मालमत्ता वगैरेंचे ८ धरा, ६२ झाले. उरलेले बारा विषय मिळून ३८ गुणांचे, काही तर दोन-दोन गुणांचे. माझा अंदाज आहे की तुम्ही सगळे एकोणीस विषय सारख्याच भीतीनं वाचलेत. तसं करू नका. या सात विषयांवर तीन महिने घाला, आणि बाकीच्यांतले कामगार कायद्याचे चार प्रश्न तुमच्या हातचे आहेत असं समजा.

दुसरं, कायद्याचं मूळ पुस्तक, टिपा नसलेलं, परीक्षेत नेता येतं. लोक तिथेच फसतात. पुस्तक हाताशी आहे म्हणून निर्धास्त जातात आणि कलम शोधण्यात वेळ घालवतात. रोज रात्री मुलीला घड्याळ लावून बसवा. तिनं विषय सांगायचा, तुम्ही पान काढायचं. बारावीच्या पोरीला त्यात मजा वाटेल, आणि आई काय शिकते आहे ते तिला जवळून दिसेल.

वयाचं दुःख तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय. मी त्याला खोटं म्हणणार नाही. चोविसाव्या वर्षी तीन हजारांवर राबणं आणि बेचाळिसाव्या वर्षी राबणं सारखं नसतं. त्या मुलांच्या पगारावर कुणाची चूल नाही. पण एक गोष्ट या घडीला तुमच्या बाजूची आहे आणि ती दहा वर्षांपूर्वी नव्हती. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. खुनाच्या कलमाला तीस वर्षं तीनशे दोन म्हणणाऱ्यांना आता एकशे तीन म्हणावं लागतं. पोटगीचं एकशे पंचवीस आता एकशे चव्वेचाळीस झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, त्यात विडी कामगारांचा १९६६ चा कायदासुद्धा गेला. मोठमोठे सिनियर पुस्तक उघडून शोधतायत. विडी, यंत्रमाग, गारमेंट या तिन्ही धंद्यांतली माणसं ज्या बाईच्या घरात आणि गल्लीत आहेत, तिनं या चार संहिता नीट बसून वाचल्या, तर एका वर्षात सोलापुरात त्या विषयावर बोलणाऱ्या थोड्या माणसांत ती असेल. हे तुमचं मन राखायला लिहीत नाही. कामगार न्यायालयात जाऊन बसा आणि स्वतः बघा.

इंग्रजीचं म्हणाल तर, जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, जबाब, उलटतपास मराठीत चालतो. इंग्रजी लागतं ते निकाल वाचायला, आणि उच्च न्यायालयात. गेल्या वर्षी, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून, कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. त्याच्याकडे दिलेल्या सहा जिल्ह्यांत सोलापूर आहे. इथल्या वकिलांचं मुंबईला चालणारं काम आता कोल्हापूरला जातं. सिनियर तिकडे जातील तेव्हा एकदा बरोबर न्या म्हणून सांगा, स्वतःच्या तिकिटानं का होईना. पण त्यासाठी फाडफाड बोलता येण्याची गरज नाही. रोज एका निकालाची दोन पानं डिक्शनरी घेऊन वाचा. वाचता यायला लागलं की बोलणं मागून येतं, थोडं अडखळत येतं, येऊ द्या.

आणि ज्या भाषा तुम्हाला येतात त्यांचं काय? आमच्या मिलची देणी वर्षानुवर्षं कोर्टात अडकली होती. तारखेला आम्ही पन्नास-साठ माणसं जायचो आणि काय झालं ते न कळताच परत यायचो. विचारलं तर ‘पुढची तारीख पडली’ एवढंच. एकदा कुणा दुसऱ्याच वकिलाच्या ज्युनियर बाई बाहेर व्हरांड्यात आमच्यातल्या एका म्हाताऱ्या साच्यावाल्याजवळ, म्हणजे मागावरच्या कामगाराजवळ, बसल्या आणि त्यांनी अर्जातली प्रत्येक ओळ त्याला तेलुगूत सांगितली. तो नुसता ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं होतं की कागदावर त्याच्याबद्दल काय लिहिलंय. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पुढे त्यांचं काय झालं तेही नाही. पण तुम्ही कोर्टात फक्त फायली लावता असं वाचलं तेव्हा मला तो व्हरांडा आठवला. तुम्हाला मराठी येतं, तेलुगू घरचं, हिंदी बाजारचं, कारखान्यात राहून थोडं कन्नडही आलं असेल. सोलापूरच्या कोर्टात हे भांडवल आहे.

आता पैसा. इथे मी तुम्हाला नुसतं ‘टिकून राहा’ म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल.

शेठची नोकरी आणि वकिली एकाच वेळी करता येणार नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. नोकरी घेतली तर तसं कळवून सनद स्थगित ठेवावी लागेल. पण स्थगित केलेली सनद पुन्हा सुरूही करता येते. म्हणजे शेठचं दार उघडलं म्हणून कोर्टाचं कायमचं बंद होत नाही. हे मी आधी सांगतो, कारण ‘आत्ता सोडलं की संपलं’ या भीतीनंही माणूस रोज थकतो.

मधली वाट आहे. त्याच नियमांत वकिलाला शिकवण्याची मुभा आहे, कायद्याचे विषय आणि कायद्याबाहेरचेही. तुम्ही सतरा वर्षांच्या अनुभवाच्या शिलाईवाल्या आहात. तुमच्या वसाहतीत विडी सोडून दुसरं काम शोधणाऱ्या मुली किती आहेत ते मी सांगायला नको. संध्याकाळी दोन तास शिलाईचा क्लास घ्या, कटिंगसकट. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन मार्च ते जून, आणि मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी. ते महिने क्लास मोठा करायला तुमच्या हाताशी आहेत. कारखान्यात अर्धवेळ हिशेब-तपासणीचं काही करायचं असेल तर राज्य बार कौन्सिलची परवानगी लागते, ती आधी लेखी मागा. सिनियरांना विचारून मगच पाऊल टाका, लपवून काही करू नका. सनदेवर डाग नको.

सिनियरांशी पैशाचं बोलणंही टाळू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युनियरांना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. सक्ती नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तेवढं कोणी लगेच देणार नाही. पण तीन हजारांवर दोन हजार वाढवा, किंवा वाढ शक्य नसेल तर वसाहतीतून मी आणलेल्या प्रकरणांच्या फीमध्ये माझा वाटा ठरवा, एवढं मागणं गैर नाही. आणि एक मागणं पैशाहून मोठं आहे: महिन्यातून एक छोटा अर्ज मी स्वतः उभी राहून चालवीन. किरकोळ असू दे. ‘पुढची तारीख द्यावी’ याच्या पुढचं एक वाक्य तुम्हाला बोलायचं आहे, ते अशानंच बोललं जाईल.

मुलीच्या पुढच्या शिक्षणाची धास्ती पत्रात उघड लिहिलेली नाही, पण ती आहे हे मला दिसतं. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय काढला, वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या कुटुंबांसाठी. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांगा लागतात.

सासूबाईंचं तुम्ही समजुतीनं लिहिलंत, ते मला आवडलं. त्यांना भाषण देऊ नका. घरातल्या तिघा मोठ्यांनी एका रात्री बसा आणि दोन आकडे ठरवा: घराला तुमच्याकडून महिन्याला किमान किती हवेत, आणि किती महिने. माझ्या मते परीक्षेच्या निकालानंतर बारा महिने हे योग्य आहे. त्या दिवशी बघायचं: परीक्षा पास आहे का, स्वतःच्या नावाची दहा तरी वकीलपत्रं आहेत का, क्लास आणि कोर्ट मिळून घराचा आकडा गाठला का. यातलं काहीच जमलं नाही तर शेठकडे जा, सनद स्थगित ठेवा, मान वर ठेवून जा. या सदरात मी कितीतरी मुलांना स्पर्धा परीक्षा सोडा असं सांगितलंय, आणि ते सांगताना मला त्यांचं हसू आलं नाही की कीव आली नाही. सोडणं हाही निर्णय असतो. पण तुम्ही आज सोडाल तर तो निर्णय होणार नाही. सहा गुण आणि एका वाईट उन्हाळ्यापुढे ते नमणं होईल. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: शेठना आता नाही म्हणून कळवा. गोडीनं कळवा, कारण बारा महिन्यांनी त्या दाराची गरज पडू शकते.

उन्हाळ्यावरून आठवलं. खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नसतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो घालून शेअर रिक्षात बसून अक्कलकोट रोडनं येणाऱ्या माणसाचं मन नऊ वाजताच खचलं तर नवल नाही. कोट हातातच ठेवा, किंवा ऑफिसात ठेवून या. आणि डबा एकटीनं खाऊ नका. बार रूममध्ये उशिरा वकिलीला आलेली आणखी एखादी बाई असेल, कुणाचा नवरा गेल्यावर आलेली, कुणी शिक्षिका असलेली. शोधा तिला. तरुण मुलांशी तुलना करून जे मन पडतं, ते अशा एका माणसाबरोबर भाकरी खाल्ल्यानं सावरतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, सहा वर्षं जगलोय.

एक शेवटचं, तुमच्या पत्त्याबद्दल. ज्यांच्या नावाच्या वसाहतीत तुम्ही राहता त्या गोदूताई वकिलीची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी होत्या. १९०७ चा जन्म, पुण्याचं सुखवस्तू घर. काळ्या कोटात नाव काढण्याऐवजी त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारली लोकांमध्ये गेल्या, वेठबिगारीविरुद्ध त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. सोलापूरचे कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांनी विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभारायला घेतली तेव्हा त्यांना हेच नाव सुचलं. तुम्ही हे नाव रोज अर्जांवर पत्ता म्हणून लिहिता. त्या दहा हजार घरांत पेन्शन, फंड, पोटगी, घराचे कागद यांत अडकलेली किती माणसं असतील, आणि त्यांच्या गल्लीत राहणारी वकील बाई किती?

आज रात्री नवी वही काढाल तेव्हा पहिली ओळ आजपासून सुरू करू नका. गल्लीतल्या आजींकडे जा, पासबुक मागा, पेन्शन कुठल्या तारखेला जमा झाली ते बघा आणि ती तारीख वर लिहा. परत येताना त्यांना विचारा, ओळखीत आणखी कुणाचं नाव चुकलंय का. परीक्षेचा निकाल लागला की मला कळवा, काहीही लागला तरी.